वर्गाचा मेळावा: सुरुवात हजेरीपटापासून

तीस-चाळीस वर्षांनी शाळेतला वर्ग पुन्हा एकत्र आणायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात हॉल कुठला आणि जेवायला काय, यावर गप्पा रंगतात. त्या बाजूला ठेवा आणि आधी हजेरीपट मिळवा. हाताशी निदान दहा महिने असताना शाळेची परवानगी घेऊन शेवटच्या वर्षाच्या सगळ्या तुकड्यांची नावं उतरवून घ्या. मधेच शाळा सोडून गेलेले आणि नापास होऊन मागे राहिलेले, यांचीही नावं आठवून लिहा. शेवटच्या वर्षाच्या पटावर ते नसतात, पण इतकी वर्षं आपल्याच बाकावर बसलेले असतात.

या नावांपुढे तीन रकाने करा: सापडले, सापडले नाहीत, आता नाहीत. तिसऱ्या रकान्यात नाव लिहिण्याआधी घरच्या कुणाशी तरी बोलून खात्री करा, ऐकीव बातमीवर विसंबू नका. सर्वांत जास्त वेळ जातो तो लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींना शोधण्यात. माहेरचे शेजारी, धाकटी भावंडं, तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण, या वाटेनं जा. नंबर मिळाला तरी न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये घालू नका, कारण तिथे तो नंबर सगळ्यांना दिसतो. आधी फोन करा, मग लिंक पाठवा.

आयोजनाला पाच-सहा जण पुरेत, पण ते एकाच कंपूतले नकोत. प्रत्येक तुकडीतला एक तरी हवा आणि मागच्या बाकावरचा एक हवाच हवा, कारण त्याला ज्यांची नावं माहीत असतात त्यांची पुढच्या बाकावरच्यांना गंधवार्ताही नसते. तारखेचे तीनच पर्याय द्या, एक ठरवा आणि सहा महिने आधी जाहीर करा. लांबून येणारे त्यावर रजा आणि तिकिटं काढतात, म्हणून ती पुन्हा हलवू नका.

वर्गणी सगळ्यांना झेपेल एवढीच ठेवा. ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांनी द्यावं, पण कुणी किती दिले हे ग्रुपवर येता कामा नये. ज्याला जमत नाही त्याची वर्गणी मुकाट भरली जावी आणि ते दोघांपलीकडे कुणाला कळू नये. हिशेब दोघांनी मिळून ठेवावा आणि मेळाव्यानंतर आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर मांडावा.

आता सगळ्यात नाजूक काम. ‘बघतो’, ‘कळवते’ असं म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करा. त्यांतले बरेच जण वेळ नाही म्हणून येत नाहीत असं नसतं. कुणाचं शिक्षण अर्धवट राहिलेलं असतं, कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाला शाळेत इतकं चिडवलेलं असतं की त्या दाराशी पाऊल अडतं. अशांना आयोजकांनी नव्हे, त्यांच्या तेव्हाच्या जवळच्या मित्रानं फोन करावा, आणि ‘आपण बरोबर जाऊ’ म्हणावं. आमच्या वर्गातली एक मैत्रीण दोनदा नाही म्हणाली होती. तिसऱ्या फोनला तिनं एवढंच विचारलं, “मला कुणी ओळखेल का?” आणि ती आली. मात्र कुणी ठाम नकार दिला तर तो मनापासून मान्य करा, नकाराचं कारण विचारू नका.

ओळखण्यावरून आठवलं, नावाचे बिल्ले अजिबात टाळू नका. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी १७ ते ७४ वयाच्या ३९२ जणांची वर्गमित्रांबद्दलची स्मृती तपासली होती. वार्षिकांकातले चेहरे शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनाही सुमारे ९० टक्के ओळखता आले, पण नुसता चेहरा पाहून नाव आठवणं मात्र पुष्कळच कमी झालं होतं. म्हणजे चेहरा पटतो आणि नाव जिभेवर येत नाही, यात कुणाचा दोष नाही. बिल्ल्यावर शाळेतलं नाव ठसठशीत, चष्म्याशिवाय वाचता येईल असं लिहा, खाली आताचं आडनाव आणि शेजारी तेव्हाचा फोटो. गळ्यातला बिल्ला उलटतो, म्हणून दोन्ही बाजूंना लिहा. टोपणनाव त्या व्यक्तीला विचारूनच.

जुने फोटो मागवाल तेव्हा लहान आकाराचे ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे मोठे करून लावता येतात. मूळ फोटो त्याच दिवशी परत द्या.

जागा शाळेचीच मिळाली तर दुसरीकडे बघूच नका. तळमजला, पाठ टेकायच्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, एवढं स्वतः जाऊन पाहा. गाणी लावायची तर हळू. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात आणि त्यांतच बरीच व्यंजनं असतात, म्हणून गोंगाटात आवाज कळतो पण शब्द कळत नाही. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसांना एकमेकांच्या कानात ओरडायला लावू नये.

कार्यक्रमाचा निम्मा वेळ मोकळा सोडा. हिशेब करून बघा: ६० जणांनी दोन-दोन मिनिटं ओळख करून दिली तरी दोन तास जातात. त्यापेक्षा प्रत्येकाकडून दहा ओळी आधीच लिहून घ्या आणि छापून वाटा. सर-बाईंना घरी जाऊन बोलवा, आणायला-सोडायला माणूस ठेवा, त्यांचं बोलणं सुरुवातीला घ्या, म्हणजे दमण्याआधी त्यांना घरी जाता येईल. गेलेल्या मित्रमैत्रिणींची नावं हजेरीच्याच क्रमानं वाचा, प्रत्येक नावानंतर थोडं थांबा. भाषण नको. सगळ्यांचा एकत्र फोटो जेवणाआधी काढा. नंतर कुणी ना कुणी निघालेलं असतं.

आणि आपली स्वतःची तयारी. नोकरी, पगार, मुलं यांच्याबद्दलचे प्रश्न घरी ठेवून जा. ‘शाळा सुटल्यावर पुढे काय झालं?’ एवढं विचारलं की माणूस त्याला सांगायचं तेवढं सांगतो. कुणाची माफी मागायची राहिली असेल तर बाजूला घेऊन दोन वाक्यांत मागा, त्यानं लगेच ‘जाऊ दे’ म्हणावं ही अपेक्षा न धरता. ज्याच्याशी शाळेत कधीच बोलला नाहीत, अशा एकाशेजारी तरी जेवायला बसा.

शेवटचं म्हणजे न सापडलेल्यांची यादी मोठ्या कागदावर लिहून दाराजवळ लावा आणि दोऱ्यानं पेन बांधून ठेवा. आमच्या कागदावर सकाळी अकरा नावं होती. संध्याकाळी खुर्च्या आवरताना पाहिलं, तर त्यांतल्या तिघांपुढे वेगवेगळ्या अक्षरांत फोन नंबर लिहिलेले होते.