ब्लफ खेळायला बसताय? आधी पानांच्या पाठी बघून घ्या

एका पावसाळ्यात कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं, गाड्या बंद, आणि आम्ही सहा जण दादरला मित्राच्या दीड खोलीत अडकलो. मेंढीकोट दोघांना येत नव्हता, बदाम सात म्हटलं की एकाला झोप येते, म्हणून ब्लफ काढला. काही जण ह्यालाच चॅलेंज म्हणतात. शिकायला पाच मिनिटं पुरतात, पण एकदा बसलं की उठवत नाही.

जोकर बाजूला काढून ५२ पानं पिसायची आणि सगळी वाटायची. चौघं असाल तर १३-१३. सहा जणांत ८-८ होऊन ४ उरतात, ती न बघता मध्ये उलटी ठेवा, तोच पहिला ढीग. ज्याची उतारी, म्हणजे पहिली चाल, तो एक ते चार पानं उलटी टाकतो आणि बोलतो, 'तीन राण्या'. आता पुढच्या सगळ्यांनी राण्याच म्हणत टाकायचं, हातात राणी असो नाहीतर तिर्री, किंवा मग सरळ पास. कोणाला डाऊट आला की 'ब्लफ!' म्हणून ओरडायचं आणि शेवटच्या भिडूने टाकलेली पानं उलटून बघायची. फक्त तेवढीच हां, आख्खा ढीग नाही, आमच्याकडे ह्यावरून भांडणं झालीयत. खोटं निघालं तर टाकणारा ढीग उचलतो, खरं निघालं तर ओरडणारा, आणि जो बरोबर ठरला त्याची पुढची उतारी. सगळेच पास झाले तर ढीग बाद करून बाजूला ठेवायचा आणि शेवटी ज्याने टाकलं त्याने नवीन चालू करायचं. ज्याचा हात आधी रिकामा तो सुटला.

आता खरी गंमत. नवीन माणसाला वाटतं की चेहरा दगडासारखा ठेवला की झालं. अरे खोटं तर सगळेच टाकतात, इथे खरं बोलून संशय ओढवून घेता आला पाहिजे. आमच्यातला एक जण तीन खरे गुलाम टाकताना मुद्दाम अडखळतो, दोनदा पानं मोजतो, 'अं... तीन गुलाम' असं काहीतरी पुटपुटतो, आणि दर वेळी कोणीतरी ओरडतोच. मग वीस पानांचा ढीग त्याच्या गळ्यात.

हिशोब पण ठेवा. प्रत्येक नंबरची चारच पानं असतात, तुमच्या हातात तीन अठ्ठ्या असताना समोरचा 'दोन अठ्ठ्या' म्हणाला तर विचार कसला करताय? ढीग छोटा असताना उगाच ओरडून बघायला हरकत नाही, चुकलात तरी तीन-चार पानंच येतात आणि समोरचा खोटं टाकताना कसा दिसतो ते कळतं. आणि ढीग अंगावर आला म्हणून रडू नका, चारही राजे तुमच्याकडे आले की राजा म्हणणारा प्रत्येक जण तुमच्या तावडीत.

शेवटचं पान मात्र खरंच पाहिजे, कारण त्यावर कोणीतरी ओरडणार म्हणजे ओरडणारच. म्हणून एखादी जोडी शेवटपर्यंत जपून ठेवा आणि ती टाकायच्या वेळी उतारी तुमच्याकडे येईल असं बघा, उतारी तुमची नसेल तर ती जोडी काय चाटायचीय?

कंटाळा आला की नियम बदला. एक प्रकार असा की नंबर क्रमाने जातो, पहिला एक्का, मग दुर्री, मग तिर्री, राजा झाला की परत एक्का, आणि पास नाहीच. हातात नसलं तरी टाकावंच लागतं, त्यामुळे लाजाळू माणूसपण खोटं बोलायला लागतो, पोरांबरोबर हाच खेळा. सात-आठ जण असतील तर दोन कॅट मिसळा, मग प्रत्येक नंबरची आठ पानं होतात आणि मोजणाऱ्यांची वाट लागते. जोकर ठेवला तर तो कुठलंही पान म्हणून खरा धरायचा. काही ठिकाणी फक्त पुढचा भिडूच चॅलेंज करू शकतो, मला तो प्रकार मिळमिळीत वाटतो, आरडाओरडा नाही तर ब्लफ कसला.

पैसे लावू नका, आम्ही हरणाऱ्याला भर पावसात खाली चहा आणायला पाठवतो. लोकलमध्ये पण नको, मांडीवरच्या बॅगेवर रमी जमते, ब्लफचा ढीग ब्रेक लागला की शेजारच्याच्या पायात.

आणि हो, कॅट नवा घ्या. त्या दिवशी भजी खात खेळत होतो, इस्पिकच्या राणीच्या पाठीवर तेलाचा डाग पडला. मी ती उलटी टाकून बिनधास्त 'एक सत्ती' म्हणालो आणि पाचही जण एकदम ओरडले.