वाळवंटातल्या शेतावर पाहुणे म्हणून जाताय? या चुका टाळा

दुबई, शारजा, अबू धाबीत राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी एखादा अमिराती सहकारी म्हणतोच, "एकदा आमच्या इझ्बावर या." हे आमंत्रण तोंडदेखलं नसतं. गडबड पुढे होते, कारण बहुतेकांच्या डोक्यात 'डेझर्ट सफारी' बसलेली असते. मग तिकीट काढून कार्यक्रमाला जावं तसे लोक जातात: उशिरा पोचतात, भराभर फोटो काढतात आणि जेवण यायच्या आत घड्याळ बघू लागतात. यजमान काही बोलत नाही, पण पुन्हा बोलावतही नाही.

कुठे जायचंय हेच न विचारणं

इझ्बा म्हणजे उंट, शेळ्या-मेंढ्या ठेवण्याचा वाळवंटातला तळ. तिथे कुंपण, वाडे, चाऱ्याची शेड आणि बसायला मजलिस असते. मझरा म्हणजे ओलिताखालची शेती: खजुराची बाग, चाऱ्याचं गवत, थोडा भाजीपाला. तिसरा प्रकार पर्यटकांच्या कॅम्पचा. तिथे तिकीट असतं, बुफे असतो आणि बहुधा बेली डान्सही. त्या नाचाचा अमिराती परंपरेशी संबंध नाही. इथला नाच म्हणजे अयाला. हातात बारीक वेताच्या काठ्या घेऊन पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि ढोलाच्या ठेक्यावर डुलतात. कॅम्पला जायला हरकत नाही, पण तिथे अमिराती पाहुणचार शोधू नका.

ओळखीचं कोणी नसेल तर अल ऐन गाठा. दुबईहून गाडीने दीड तास पुरतो. अल ऐन ओअ‍ॅसिसमध्ये दीड लाखाच्या आसपास खजुराची झाडं आहेत आणि त्यांना आजही फलज पाणी पुरवतात. जमिनीखालून किंवा उघड्या पाटातून नुसत्या उतारावर पाणी आणणारी ही पद्धत आहे. अल ऐनजवळच्या हिली इथला फलज सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा आहे, आणि अल ऐनची ही सगळी ठिकाणं २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. या पाटांत पाय सोडून बसणं, मुलांना खेळायला सोडणं ही आपल्याकडच्या सहलींची सवय इथे नको. पाणी वाट्याने आणि पाळीने शेतांना जातं, वाटेत घाण झाली तर ती पुढच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पोचते. अल ऐनच्या उंट बाजारात गेलात तर फोटो काढायचे, उंटाला हात लावायचा, तर किती पैसे ते आधी ठरवून घ्या. नंतर घासाघीस करण्यात मजा नाही.

चुकीचा महिना, चुकीची वेळ

नोव्हेंबर ते मार्च हा बरा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये रुताब, म्हणजे झाडावर नुकता पिकलेला ओला खजूर, खायला मिळतो. पण तेव्हा पारा ४५ च्या पुढे असतो, त्यामुळे बागेत जायचं ते सूर्य वर यायच्या आत. हिवाळ्यात उलटी फसगत होते. दुपारच्या उन्हावर विश्वासून लोक पातळ कपड्यांत येतात आणि रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरला की शेकोटीपासून हलत नाहीत. जाकीट गाडीत ठेवाच.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला पोचू नका. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे ऐन मोसमात येतो. त्या महिन्यात दिवसा यजमानासमोर पाणीसुद्धा पिऊ नये. इफ्तारला बोलावलं असेल तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. अजान झाल्यावर दारात उभं राहणं चांगलं दिसत नाही.

"शेवटचं थोडंसंच वाळूतून आहे"

सगळ्यात महाग चूक हीच. यजमानाकडे लँड क्रूझर असते आणि तो लहानपणापासून त्याच वाटेने जातो. त्याचं 'थोडंसं' तुमच्या सेडानला झेपेलच असं नाही. आमंत्रण स्वीकारतानाच सरळ विचारा: "सेडान फाटकापर्यंत येईल का?" नाही म्हणाला तर डांबरी रस्त्यावर कुठे थांबायचं ते ठरवा, तो घ्यायला येतो. भाड्याच्या गाडीचा विमा वाळवंटातलं नुकसान बहुधा भरून देत नाही, हेही लक्षात असू द्या. लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. शेतांना पाट्या क्वचितच असतात आणि रेंज कुठे जाईल सांगता येत नाही.

फोर बाय फोर असली तरी टायर पूर्ण भरलेले ठेवून वाळूत शिरलात तर रुतलातच. डांबरावर हवा ३५ पीएसआयच्या आसपास असते. मऊ वाळूत ती १५ ते १८ वर आणावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरलं की इंजिनाचा जोर कमी करणारी यंत्रणा, बंद ठेवा, वेग एकसारखा ठेवा. ब्रेक दाबून थांबू नका, त्याने चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या, आणि थांबायचंच तर तोंड उताराकडे करून.

गाडी रुतली की अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहण्याचा मोह होतो. चाक फिरतं, खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. मग फावड्याशिवाय इलाज राहत नाही. चाकं जागेवर फिरू लागली की लगेच थांबा, सगळ्यांना खाली उतरवा, चाकांपुढची-मागची आणि गाडीखालची वाळू काढा. हवा १०-१२ पर्यंत आणा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि आधी आलेल्या चाकोरीवरूनच हळू मागे या. हवा १० च्या खाली नेऊ नका, टायर रिमवरून निसटतो. बाहेर आल्यावरही हवा कमी असेपर्यंत झटक्यात वळू नका. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर पट्टा कारखान्याने दिलेल्या हुकालाच बांधा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला बांधला आणि तो तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो. फावडं, हवा मोजायचं मीटर, कंप्रेसर आणि माणशी निदान पाच लिटर पाणी, हे सगळं गाडीत हवं. अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका. यजमानाला फोन करा, तो लागला नाही तर ९९९.

सपाट, पांढुरकी, कडक दिसणारी जमीन म्हणजे सबखा. वर मिठाची पापडी, खाली चिखल. तिथे रुतलेली गाडी वाळूतल्यापेक्षा कितीतरी वाईट अडकते, म्हणून मळलेली वाट सोडूच नका.

कॉफीचा कप खाली ठेवणं

गहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली, हलकी भाजलेली बिनसाखरेची कॉफी, हा या पाहुणचाराचा गाभा आहे. पाहुण्यांची गाडी इथेही बरेचदा घसरते. ओतणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, आणि उजव्या हातात फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा कप, धरतो. आधी मानाच्या किंवा वयाने मोठ्या पाहुण्याला, मग उजवीकडून क्रमाने. फिंजान तुम्हीही उजव्या हातानेच घ्या. त्यात पाव कपाहून कमी कॉफी येते. हा कंजूषपणा नाही. कमी ओतायची म्हणजे ती गरम राहते आणि पुन्हा ओतता येते. काठोकाठ भरलेला कप उलट अपमानाचा मानतात. साखर-दूध मागू नका. गोडासाठी खजूर समोर असतो, आधी एक खजूर, मग घोट. बिया दिलेल्या वाटीतच टाका.

रिकामा कप पुढे केला की पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर मनगट हलवून कप दोन-तीनदा डावीकडे-उजवीकडे हलवा आणि परत द्या. हे माहीत नसलेला पाहुणा "नको, नको" म्हणत पाच-सहा कप पितो. दुसरी चूक म्हणजे कप हातात धरून गप्पा मारत बसणं. फिंजान मोजके असतात, विसळून पुढच्याला दिले जातात, आणि ओतणारा तुमच्यासमोर ताटकळत उभा असतो. पहिला कप नाकारू नका. तीन पुरे.

आधी न सांगितलेला शाकाहार

शाकाहारी असाल तर ते आमंत्रण घेतानाच सांगा, ताट आल्यावर नाही. कारण मचबूस मांसाच्या रश्श्यात शिजवलेला भात असतो, वरचं मांस बाजूला केलं म्हणून तो शाकाहारी होत नाही. हरीस दिसतो गव्हाच्या खिरीसारखा, पण त्यात मांस तासन्‌तास घोटून एकजीव केलेलं असतं. रगाग ही कागदासारखी पातळ भाकरी निर्धोक वाटते, पण तिच्यावर बरेचदा महयावा, म्हणजे माशांपासून केलेला आंबट-खारट रस, किंवा अंडं पसरतात. बलालीत म्हणजे गोड शेवया, वर ऑम्लेट. बिनघोर खाता येतात ते उकडलेले हरभरे म्हणजे दंगो, खजूर, फळं, ताक आणि लुगैमात, म्हणजे खजुराच्या पाकात घोळवलेले तळलेले गोळे. अंडंही चालत नसेल तर पिठात आहे का, ते विचारून घ्या.

मोठ्या ताटातून सगळे जेवत असतील तर उजव्या हाताने आणि फक्त आपल्या समोरच्या भागातून खा. चांगला तुकडा यजमान स्वतःच तुमच्यापुढे सरकवतो. पोट भरून जाऊ नका. आधी फुआला, म्हणजे फळं-मिठाईचा थाळा येतो आणि लोक त्यावरच ताव मारून बसतात. जेवण त्यानंतर असतं.

भेट म्हणून मिठाई उत्तम, मद्यार्क नसलेली. दिवाळीत अनारसे न्यायचा विचार असेल तर एक अडचण आहे: खसखस. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, भारतातून येताना सामानात ती सापडली तर प्रकरण गंभीर होतं. बेसनाचे लाडू न्या.

उंट आणि कच्चं दूध

उंटाच्या मागून जाऊ नका, तो बाजूलाही लाथ मारतो. हिवाळा हा नरांच्या मस्तीचा काळ. तोंडाला फेस, गुरगुर आणि तोंडातून बाहेर लोंबणारा लाल फुगा दिसला की त्या कुंपणापासून लांब राहा, मग यजमान कितीही "काही करत नाही" म्हणो. स्वारी करताना लक्षात ठेवा: उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, बसताना आधी पुढचे दुमडतो. दोन्ही वेळा तुम्ही पुढे फेकले जाता, म्हणून दोन्ही वेळा मागे रेला. शिळी पोळी, बिस्किटं खाऊ घालू नका आणि प्लास्टिकची पिशवी कुठेही सोडू नका. उंट ती गिळतो, पोटात तिचा गोळा होतो आणि जनावर मरतं.

ताजं, फेसाळ दूध वाडग्यात येतं. ते कच्चं असेल तर पिऊ नये. उंटांकडून माणसात येणारा मर्स हा श्वसनाचा आजार २०१२ मध्ये ओळखला गेला. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी उंटांशी संपर्कच टाळावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जात असाल तर हे विशेष बघा. "डॉक्टरांनी मनाई केलीय" म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, उकळलेल्या दुधाचा चहा मागता येतो. निरोगी माणसानेही उकळलेलं दूध पहिल्यांदा अर्धाच कप घ्यावं, सवय नसलेल्या पोटाला ते सारक ठरतं. वाड्यातून आल्यावर साबणाने हात धुवा. गोचिडी आणि काटे असतात, त्यामुळे वाड्यात बंद बूट आणि मजलिसमध्ये ते झटकन काढता यावेत असे.

बोलण्यातल्या आणि कॅमेऱ्यातल्या चुका

उंट किती, एकाची किंमत काय, हे आल्या आल्या विचारू नका. कौतुक केलंत तर जोडीला "माशाल्ला" म्हणा, नजर लागण्याची धास्ती इथेही आहे. यजमानाच्या बायकोची थेट चौकशी नको, "घरचे कसे आहेत" पुरे. स्त्रियांची मजलिस वेगळी असू शकते, नवरा-बायको वेगळे बसवले म्हणून अवघडू नका. बाईंनी हात पुढे केला तरच हस्तांदोलन, नाहीतर हात छातीवर ठेवून मान लववा. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणं इथे गुन्हा आहे, दंड आणि कैदही होऊ शकते. तंबूतल्या बायका, मुलं आणि गाड्यांचे नंबर फोटोत नकोत. ड्रोन तर परवान्याशिवाय काढूच नका.

आवारातली घाफची झाडं म्हणजे आपली शमी. ती अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे, त्यामुळे दसरा असला तरी फांदी तोडू नका.

निघायची वेळ न ओळखणं

जेवल्याबरोबर उठू नका, पण बसूनही राहू नका. ऊद किंवा बुखूरचा धूप फिरला की बैठक संपत आली. आखाती लोक म्हणतातच, ऊदनंतर बसणं नाही. धूप कपड्यांना घ्या, आभार माना आणि उठा. यजमानाला पैसे देऊ नका. उंट सांभाळणाऱ्या कामगाराला काही द्यायचं असेल तर बाजूला घेऊन द्या.

डांबरावर यायच्या आधी टायर पुन्हा ३५ पर्यंत भरा, कमी हवेवर वेग घेतला की टायर तापून फुटतो. रात्री रस्त्यावर उंट असतात आणि हिवाळ्यात पहाटे दाट धुकं. अबू धाबीत धुक्याचा इशारा लागला की मुख्य रस्त्यांवर मर्यादा ताशी ८० किलोमीटरवर येते. शिवाय दुबईत मर्यादेच्या वर २० किलोमीटरपर्यंत दंड होत नाही, तशी सूट अबू धाबीत २०१८ पासून नाही.