भूकंपग्रस्तांना कपडे नको, पैसे पाठवा

परदेशात मोठा भूकंप झाला की सोसायट्यांमध्ये जुने कपडे गोळा व्हायला लागतात. कृपा करून हे टाळा. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मदतीचा माल काठमांडूच्या एकाच धावपट्टीच्या विमानतळावर आणि कस्टम्समध्ये अडकला. पुढे धावपट्टीच खराब झाल्याने मोठी विमानं थांबवावी लागली. डोंगरातल्या गावांना हवी होती ताडपत्री, आणि पावसाळ्याआधी छपराचे पत्रे. हातात पैसे असले की अशा वस्तू जवळपासच्या बाजारातून लवकर घेता येतात.

देणगी रेडक्रॉससारख्या, त्या देशात आधीपासून काम असलेल्या संस्थेलाच द्या. फॉरवर्ड होऊन आलेला क्यूआर कोड वापरू नका. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. यूपीआय पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं, तर पैसे पाठवू नका. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. वस्तूंवर किंवा 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवरही नाही.

घरबांधणी सुरू होईपर्यंत देणग्या आटतात, म्हणून निम्मी रक्कम दोन-तीन महिन्यांनी द्यायला राखून ठेवा.