चराऊ रानातलं गाजर गवत: माझा अनुभव

आमच्या चराऊ रानात गाजर गवत शिरलं ते आधी गुरांच्या वाटेवर आणि पाणवठ्याभोवती, म्हणजे जिथे मूळचं गवत खुरांनी उघडं पडलं होतं तिथेच. फुलं आल्यावर कुणीही ओळखेल, पण खरी ओळख लहानपणी पटायला हवी. जमिनीलगत पसरलेला पानांचा चक्राकार झुपका, पानं गाजरासारखी कातरलेली, नंतर वर येणाऱ्या खोडावर उभ्या रेघा आणि बारीक लव. पांढरं फूल बोटावर चुरडून पाहा: एवढ्याशा बोंडात पाचपर्यंत बिया असतात, आणि एका झाडाला अशी हजारो बोंडं लागतात.

म्हणून फुलोऱ्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट उपटणं हाच माझा मुख्य उपाय. नुसतं कापलं की बुडख्यातून पुन्हा फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच. अंगावर पुरळ आणि दमा, दोन्ही यानं होतात. बिनफुलाचं गवत कंपोस्टात घातलं. फुललेलं मात्र पोत्यात भरून बाहेर काढलं.

उपटून उघडी पडलेली जागा तशीच सोडली तर सगळी मेहनत वाया! तिथे स्थानिक गवताचं बी फेकलं आणि गवत धरेपर्यंत चराई पूर्ण बंद ठेवली. मला विचाराल तर निम्मं काम या बंदीनंच केलं. पावसाळ्यात जिथे मेक्सिकन भुंगे (गाजर गवतावर जगणारे मित्रकीटक) गाजर गवताची पानं खाताना दिसले, त्या भागात ते मरू नयेत म्हणून काहीच फवारलं नाही.

मातीतलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे दर पावसानंतर वाटेच्या कडा बघणं अजून चालूच आहे.