मेंबर झाल्यावर कुणाला फॉलो करायचं?

ग्रामपंचायतीवर निवडून आलो तेव्हा माझ्या फोनमध्ये तीन पक्षांचे नेते, दोन प्रेरणादायी वक्ते आणि वाढदिवसाच्या बॅनरांचे ढीगभर ग्रुप होते. दुसऱ्याच महिन्यात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक मेसेज पुढे ढकलला. मोफत शिलाई मशीन, आधारची झेरॉक्स घेऊन या. सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अकरा बायका हजर. एका आजींनी झेरॉक्स भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घालून आणलेली. भाऊसाहेबांनी (आमच्याकडे ग्रामसेवकाला असंच म्हणतात) माझा फोन बघितला आणि एवढंच विचारलं, "मेंबर, याचा जीआर कुठाय?"

जीआर म्हणजे शासन निर्णय. तो नव्हताच. योजनाच खोटी होती.

त्याच दिवशी पीआयबी, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक खातं फॉलो केलं. केंद्र सरकारच्या नावाने फिरणाऱ्या खोट्या मेसेजची पोल हे खातं 2019 पासून खोलतंय. मोफत मशीनवाला मेसेज त्यांनी आधीच खोटा ठरवलेला होता, मीच बघितला नव्हता. राज्याच्या योजना मात्र त्यांच्याकडे येत नाहीत. त्यासाठी राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं खातं आणि आपल्या जिल्हा माहिती कार्यालयाचं, दोन्ही ठेवा.

इथे नवा माणूस हमखास फसतो. मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय झाला की त्याच दिवशी पोस्ट पडते आणि आपण गावात पेढे वाटायला मोकळे. पण जीआर निघेपर्यंत अर्ज कुठे करायचा, निकष काय, काहीच ठरलेलं नसतं. ग्रुपवर आलेला जीआर खरा का, हे बघायची सोपी सुरुवात म्हणजे शेवटी छापलेला अठरा आकडी सांकेतांक. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तोच सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून शोधा. सापडला तरच पुढे पाठवा.

पंचायतराज मंत्रालयाचं खातं तसं रूक्ष, फोटो आणि कार्यशाळाच जास्त. पण ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलची ओळख मला तिथूनच झाली. आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च त्यावर कुणालाही दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, असे होते, हे एकदा डोक्यात बसलं की "निधीच नाही" या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो. मी विचारला. बैठकीत थोडा वेळ पंख्याचाच आवाज.

विधिमंडळ, संसद यात रस असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या अभ्यास संस्थेचं खातं. इंग्रजी आहे, पण विधेयकाचा सारांश थोडक्यात मिळतो आणि कुणाची बाजू घेतलेली नसते. पाण्याच्या कामाला हात घालणार असाल तर पाणी फाउंडेशनचे मराठी व्हिडिओ बघा. समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खणलेला चर, कसा आखायचा ते मी तिथे बघूनच शिकलो.

नेत्यांना काढून टाकलं नाही. उलट समोरच्या पॅनेलच्या उमेदवारालाही फॉलो केलंय. कुठल्या वस्तीत नळाला पाणी नाही ते त्याच्या पोस्टवर आधी कळतं, आमच्या माणसांकडून चार दिवसांनी. नोटिफिकेशन मात्र एकाच खात्याचं चालू आहे, हवामान विभागाच्या मुंबई केंद्राचं. विदर्भातल्यांनी नागपूरचं ठेवावं.