व्हिक्टोरियाकालीन रेशमी वेस्टकोट शिवताना या चुका टाळा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील (१८३७–१९०१) इंग्लिश पुरुषाचा रेशमी वेस्टकोट नव्याने शिवणारे बहुतेक जण सगळे लक्ष रेशमावर देतात. परंतु सामान्यतः त्या कपड्यात रेशीम फक्त दर्शनी भागात असे. पाठ आणि अस्तर सुती कापडाचे असून पुढील भागात रेशमामागे कॅनव्हास (आकार टिकवणारे ताठ, जाडसर कापड) बसवलेले असे. त्यामुळे पाठीलाही रेशीम लावणे ही पहिली चूक होय. पाठ कोटाखाली झाकलेली राहते आणि ओढ मात्र तिच्यावरच पडते, जी नाजूक रेशमाची शिवण सहज उसवू शकते.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कॅनव्हासऐवजी इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग (एका बाजूला गोंद असलेले आतले कापड) वापरणे. गोंदामुळे रेशमाची लवचीकता जाते आणि काही काळाने पृष्ठभागावर फुगवटे दिसू लागतात. त्या काळी कॅनव्हास हातटाक्यांनी सैलसर जोडले जाई, म्हणून रेशीम त्यावर मोकळे पडत असे. गळ्याची कड तिरप्या धाग्यात कापलेली असल्याने ती ताणली जाऊन छातीवर पोकळ उभी राहते. त्यासाठी कडेच्या लांबीपेक्षा किंचित आखूड सुती फीत आतून लावावी आणि जास्तीचे रेशीम तिच्यात हळूहळू सामावून घ्यावे. पुढच्या कडेवर आतली पट्टी बाहेर डोकावत असेल, तर ती पट्टी रेशमाइतकीच कापली गेली आहे असे समजावे. तिच्यातून दोनेक मिलिमीटर कमी करावेत.

खिसे कॅनव्हास बसवल्यानंतर, पण अस्तर लावण्यापूर्वी करावेत. रेशमाचे धागे पटकन सुटतात, म्हणून चीर देण्यापूर्वी तिच्यामागे सुती कापडाचा तुकडा टाचावा. नक्षीदार रेशीम असेल, तर खिशाची पट्टी सर्वांत शेवटी, खालच्या नक्षीशी जुळवून कापावी. हे काम घाईने केल्यास इतर सगळी मेहनत व्यर्थ ठरते, कारण पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

पाठीवरील फिती किंवा बक्कल कमरेची बारीक जुळणी करण्यासाठी असतात. ती करकचून आवळल्यावर पुढे चुण्या पडत असतील, तर माप चुकले आहे. बाजूच्या शिवणी आत घ्याव्यात. काज डाव्या पल्ल्यावर असावेत.

काळाचे भानही हवे. कृत्रिम जांभळा रंग विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये शोधला, त्यामुळे १८४० च्या वेस्टकोटसाठी तसला भडक जांभळा घेऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील खरे जुने रेशीम मिळाले, तरी ते कापून वापरू नये: त्यातील पुष्कळसे कथिलाचे क्षार भरून जड केलेले असे, आणि असे कापड घडीवर आपोआप चिरत जाते.