नागपुरातून सोप्रानो गायिका होण्याची तयारी

सोप्रानो हा स्त्रीकंठातील सर्वांत उंच आवाज असून, ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात, तो ध्वनिक्षेपकाविना, संपूर्ण वाद्यवृंदाच्या सोबतीने, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. म्हणून प्रथम श्वासावरील ताबा साधावा. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या मुलीला सुरेलपणाची पुंजी आधीच मिळालेली असते, परंतु तिचा रियाज बहुधा खालच्या पट्टीत झालेला असल्याने वरचे सूर गळा न आवळता, मोकळे लावण्याची सवय नव्याने, जाणत्या शिक्षकासमोरच करावी. या टप्प्यावर घाई मुळीच करू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांजवळ जातो आणि कोरड्या हवेने घसा सुकतो, तेव्हा रियाज पहाटे करावा व दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता आलीच पाहिजे. इटालियन, जर्मन आणि फ्रेंच उच्चार शिकावेत, कारण शब्दांचा अर्थ न कळता केलेले गायन श्रोत्याला लगेच पोकळ वाटते. ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा मंडळाच्या गायनाच्या श्रेणी परीक्षा द्याव्यात. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य शिक्षणसंस्थेत शिकल्या. अशा संस्थांच्या प्रवेशचाचणीसाठी निरनिराळ्या भाषांतील काही गीते पूर्ण पाठ असावीत.